डोमेन गेले, कॉन्ट्रॅक्ट जागेवर राहिले

इथेरियम या ब्लॉकचेनवरील एका कर्जव्यवहाराच्या अ‍ॅपचे फ्रंट-एंड, म्हणजे वापरकर्त्याला दिसणारे पान, आमची छोटी टीम सांभाळते. एका संध्याकाळी एका वापरकर्त्याने आमच्या सार्वजनिक चॅनेलवर वॉलेटचा स्क्रीनशॉट टाकून विचारले, “तुमचे अ‍ॅप आज अमर्याद अप्रूव्हल का मागत आहे?” ज्या पत्त्याला टोकन खर्चण्याची परवानगी मागितली जात होती, तो सुरुवातीच्या चार अक्षरांपासूनच आमच्या कॉन्ट्रॅक्टच्या (ब्लॉकचेनवर चालणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमच्या) पत्त्याहून वेगळा होता.

रजिस्ट्रारकडील, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडील, आमच्या डोमेनचे नेमसर्व्हर (नाव टाइप करणाऱ्याला कोणत्या सर्व्हरवर न्यायचे हे सांगणारे) कोणीतरी बदलले होते. आमचा सर्व्हर सुरक्षित होता आणि इथेरियमवरील कॉन्ट्रॅक्टला तर कोणी हातही लावू शकत नव्हते. परंतु नेहमीचे नाव टाइप करणारा माणूस हुबेहूब दिसणाऱ्या परक्या पानावर पोहोचत होता. ९ ऑगस्ट २०२२ रोजी ‘कर्व्ह’ या क्रिप्टो एक्सचेंजच्या बाबतीत हेच घडले होते. त्याआधी, डिसेंबर २०२१ मध्ये, ‘बॅजर डीएओ’ या क्रिप्टो प्रकल्पाच्या पानात घातक स्क्रिप्ट घुसवून सुमारे १२ कोटी डॉलर पळवले गेले, तेव्हाही कॉन्ट्रॅक्टमध्ये दोष नव्हता. विकेंद्रित म्हणवणाऱ्या अ‍ॅपचा दरवाजा एका खासगी कंपनीच्या खात्यावर टांगलेला असावा, हे मला तेव्हापासून खटकत होते, आणि म्हणूनच आम्ही प्रत्येक आवृत्ती आयपीएफएस या अनेक संगणकांवर पसरलेल्या फाइल-जाळ्यावरही ठेवू लागलो होतो.

आयपीएफएसवर फाइलचा पत्ता, म्हणजे सीआयडी, तिच्या मजकुराच्या हॅशवरून (मजकुरातून गणिताने काढलेल्या ठशावरून) तयार होतो. एक अक्षर बदलले तरी पत्ता बदलतो. आमचे एक ईएनएस नाव, म्हणजे इथेरियमवरच नोंदवलेले डोमेनसारखे नाव, आहे; त्याच्या कंटेंटहॅश नोंदीत आम्ही हा सीआयडी ठेवतो, आणि ती नोंद बदलायला मल्टिसिग वॉलेटवर तिघांपैकी दोघांच्या सह्या लागतात. रजिस्ट्रारच्या हेल्पडेस्ककडे आम्ही तक्रार नोंदवली, पण उत्तराची वाट न पाहता सर्वांना ईएनएस नावाकडे वळवले आणि ज्यांनी परवानगी देऊन टाकली होती, त्यांना ती ताबडतोब शून्यावर आणायला सांगितले.

तेवढ्यात चॅनेलवर अगदी रास्त प्रश्न आला: “तुमचे डोमेन चोरले गेले, तर हा संदेशही चोराचा नाही कशावरून?” आमच्या शब्दावर विश्वास ठेवा, असे सांगण्यात काही अर्थ नव्हता. आमच्या कोडच्या सार्वजनिक रिपॉझिटरीतील स्वाक्षरी केलेल्या टॅगवरून (आवृत्तीच्या खुणेवरून) स्वतः बिल्ड करा, म्हणजे मूळ कोडमधून पान तयार करा, आणि निघालेला सीआयडी ईएनएसवरील नोंदीशी ताडून पाहा, असे आम्ही लिहिले. हे शक्य झाले ते आधीच्या कंटाळवाण्या कामामुळे. बिल्डची वेळ बंडलमध्ये नोंदली गेली, सोर्स मॅपमध्ये (तयार फाइल मूळ कोडशी जोडणाऱ्या नकाशात) कोणाच्या लॅपटॉपवरील फोल्डरचा पूर्ण मार्ग उतरला किंवा एखाद्या पॅकेजची आवृत्ती किंचित सरकली, तरी त्याच कोडमधून भलताच सीआयडी निघतो. म्हणून लॉकफाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी), नोड.जेएस या बिल्डच्या साधनाची आवृत्ती आणि आयपीएफएसमध्ये फाइलचे तुकडे पाडण्याची सेटिंगसुद्धा आम्ही पक्की करून ठेवली होती.

आमच्याशी काहीही संबंध नसलेल्या एका वापरकर्त्याने काही वेळाने आपल्या टर्मिनलचा स्क्रीनशॉट टाकला. “बाफी”पासून शेवटच्या अक्षरापर्यंत सीआयडी तोच होता. इतक्या वर्षांच्या कामात इतके समाधान मला क्वचितच मिळाले आहे. पाठोपाठ इतरांनीही पडताळणी करून पाहिली, आणि चॅनेलवरची भाषा बदलली: आता लोक एकमेकांना बिल्डची कमांड समजावून सांगत होते.

डोमेन नंतर परत मिळाले. मात्र त्या रात्री बहुतेकांनी ईएनएस नाव सार्वजनिक गेटवेतूनच (आयपीएफएसवरील पाने साध्या ब्राउझरला दाखवणाऱ्या संकेतस्थळातूनच) उघडले होते, आणि गेटवे हेसुद्धा एक साधे डोमेनच असते. स्वतःचा आयपीएफएस नोड, म्हणजे त्या जाळ्यात सामील होणारा आपला संगणक, चालवणारे थोडेच होते. ब्लॉकचेनवरील शिल्लक वाचणारी आरपीसी सेवाही एकाच कंपनीची होती. वापरकर्त्याला आपल्या पसंतीचा आरपीसी पत्ता देता यावा, यासाठीची चौकट सेटिंगमध्ये होती, पण ती फारशी कोणी वापरत नसे. पुढच्या आवृत्तीत ती पहिल्याच पानावर आणली, आणि नोड कसा चालवायचा याची मराठी व हिंदी मार्गदर्शिका मी सध्या लिहीत आहे.