डाव्या हाताने लिहिलेला आकडा

वाचाघात झालेल्या माणसाच्या उशाशी बसून घरचे लोक त्याच्याविषयी खुशाल बोलतात. खर्च किती आला, पुढे कसं होणार, कोण सांभाळणार, सगळं. पेशंट तिथे नाहीच असं धरून. नायर हॉस्पिटलमध्ये स्पीच थेरपी शिकत होते तेव्हापासून मी हे बघत आले आणि अमेरिकेत नोकरीला आल्यावरही त्यात तसूभर फरक दिसला नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला आणि बोलणं गेलं, तरी पुष्कळदा समज शाबूत असते. माणूस ऐकतो, त्याचा अर्थ लावतो, त्यावर रात्रभर विचार करतो. बाहेर तेवढं काही पडत नाही.

डिसेंबर २००८ मधली ही गोष्ट. मी तेव्हा व्हर्जिनियात, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी एका पुनर्वसन केंद्रात कामाला होते. त्या महिन्याच्या १ तारखेलाच देश वर्षभरापासून मंदीत असल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं होतं, पण आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांना ते सांगायची गरज नव्हती. कुणाचा मुलगा घरी बसला होता, कुणाच्या जावयाचं घर बँकेकडे चाललं होतं. व्हरांड्यात दुसरा विषयच नसायचा.

माझे एक पेशंट होते, एक्याऐंशी वर्षांचे सुतार. सोयीसाठी त्यांना आजोबा म्हणते. झटक्यानंतर उजवा हात लुळा पडला होता आणि तोंडून एकच शब्द निघायचा, ‘नो’. पाणी हवं असलं तरी नो, बायको आली की आनंदाने नो. समज मात्र चांगली होती. चित्रांची कार्डं समोर मांडली की अचूक बोट ठेवायचे. पहिला आठवडा त्यांनी मन लावून मेहनत केली. मग एके दिवशी कार्डं हाताने सारून दिली आणि त्यानंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. व्यायामालाही उठेनात. झटक्यानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं, त्यामुळे डॉक्टरांनी त्या दिशेने उपचार सुरू केले. आजी रोज यायच्या, शेजारी बसून विणायच्या आणि जाताना माझा हात धरून म्हणायच्या, “हनी, हे असे हार मानणारे नव्हते गं.”

२४ तारखेला दुपारी हॉलमध्ये सगळ्यांना सिनेमा दाखवायचं ठरलं. ‘द होमकमिंग: अ ख्रिसमस स्टोरी’. सीबीएस वाहिनीने १९ डिसेंबर १९७१ला दाखवलेला टीव्हीसाठीचा चित्रपट. त्याच्यावरून पुढे ‘द वॉल्टन्स’ ही मालिका निघाली आणि नऊ पर्वं चालली. आमच्या भागात हा सिनेमा म्हणजे घरचं कार्य. लेखक अर्ल हॅमनर तिथून जवळच्याच स्कायलर गावचा. शंखजिऱ्याच्या दगडावर जगणारं ते गाव मंदीत कोसळलं, वडिलांना लांब नोकरी धरावी लागली आणि १९३३च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री ते वेळेवर घरी पोचले नाहीत. हॅमनरने तीच रात्र लिहिली. त्या वर्षी अमेरिकेत चारातला एक कामगार बेकार होता.

मला या सिनेमाबद्दल वेगळंच प्रेम आहे, आणि ते माझ्या पेशामुळे. आईची भूमिका करणाऱ्या पॅट्रिशिया नीलला १९६५ मध्ये, पोटात मूल असताना, मेंदूत एकामागून एक रक्तस्राव झाले. जवळजवळ तीन आठवडे ती बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तेव्हा वाचा गेलेली, उजवी बाजू लुळी. ऑस्कर मिळवलेली नटी, आणि वस्तूंची नावं पुन्हा पहिल्यापासून शिकत होती. शेजारीपाजारी पाळीपाळीने येऊन तासन्‌तास तिच्याकडून अभ्यास करून घेत. ती पुन्हा उभी राहिली आणि सहा वर्षांनी या सिनेमातली आई झाली. तळघरात सफरचंदं आणायला गेलेली ती बाई तिथे फुललेलं निवडुंग बघून थबकते, त्या क्षणाला तिला एकही वाक्य लागत नाही. सिनेमा सुरू होण्याआधी मी हे सगळं हॉलमध्ये सांगितलं. आजोबांना चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. आजीच्या आग्रहाखातर आले असावेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण मी बोलत असताना मान किंचित वळली.

सिनेमाभर सगळे बापाची वाट बघतात. रेडिओवर बस उलटल्याची बातमी येते. आई थोरल्या मुलाला शोधायला पाठवते. दुकानात एक शहरी बाई मुलांकडून बायबलची वचनं म्हणवून घेऊन भेटी वाटते, त्यात एका पोरीच्या वाट्याला तोंड फुटलेली बाहुली येते. मी लालबागची. १९८२च्या गिरणी संपात वडील घरी होते आणि असल्या वाटपाच्या रांगेत मीही उभी राहिले आहे. त्या पोरीचा चेहरा मला बघवत नाही, आजही नाही.

शेवटी बाप येतो. पोतंभर भेटी घेऊन. थोरल्याला लिहायला वह्या, प्रत्येकाला काही ना काही. पोरं हरखून जातात आणि आई हळूच विचारते, पगार सगळा गेला ना, पुढचा आठवडा काय खायचं? तो म्हणतो, प्रेमावर राहू.

इथे आजोबांनी डावा हात खुर्चीवर आपटला. “नो. नो, नो!”

आजी घाबरल्या. नर्सने खोलीत न्यायला खुर्ची वळवली, तर त्यांनी डाव्या हाताने चाक घट्ट धरून ठेवलं. पडद्यावरच्या आईकडे बोट दाखवलं, मग बायकोकडे, आणि मग अंगठा तर्जनीवर घासला. पैसे. ही खूण तिथेही आपल्यासारखीच आहे.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. एका कागदावर ठळक अक्षरात चार शब्द लिहिले: दुखणं, घर, पैसे, मुलगा. त्यांनी पैशांवर बोट ठेवलं. मी कागद फिरवून शब्दांची जागा बदलली, कारण असा पेशंट कधीकधी नुसत्या जागेवर बोट ठेवतो. पुन्हा पैसेच. हॉस्पिटलचे पैसे? अंगठा वर. इथले नाहीत ना, मुद्दाम उलटं विचारलं. अंगठा खाली. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं. कधी डाव्या हाताने न लिहिलेला माणूस तो. दोनाचा आकडा उताणा पडला, शून्याचं तोंड मिटलं नाही, पण वाचता येत होतं: २०.

आजी मटकन खाली बसल्या.

मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतला म्हाताऱ्या माणसांचा सरकारी आरोग्यविमा. त्याचा नियम असा, की हॉस्पिटलातून अशा केंद्रात आल्यावर पहिल्या २० दिवसांचा खर्च ते पूर्ण उचलतात. एकविसाव्या दिवसापासून शंभराव्यापर्यंत पेशंटने रोजचा वाटा भरायचा, २००८ साली तो दिवसाला १२८ डॉलर होता. पहिल्या आठवड्याच्या शेवटी बिलिंगच्या माणसाने हे आजींना समजावून सांगितलं होतं. आजोबांच्या पलंगाशेजारी उभं राहून. त्यांचा मुलगा तेव्हा काम सुटल्यामुळे दुसऱ्या राज्यात रोजंदारीवर होता. आजी तिथेच फोनवर त्याला म्हणाल्या होत्या, घर गहाण टाकू. आणि शुक्रवारी विसावा दिवस होता.

म्हणजे हा माणूस हरला नव्हता. उपचार थांबले तर आपल्याला लवकर घरी पाठवतील आणि घर वाचेल, असा हिशेब त्याने भिंतीकडे तोंड करून मांडला होता. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तो अर्धा बरोबरही होता. पेशंट प्रगती करत नाही असं दिसलं की पैसे थांबतात, हे त्या काळी आम्हाला सारखं ऐकवलं जायचं.

आमची सोशल वर्कर कोट घालून निघालीच होती. तिला दारातून परत बोलावलं. तिने आजींना विचारलं, मेडिकेअरच्या जोडीला आणखी कुठली पॉलिसी आहे का? आजींनी पर्स उलटी केली. कुपनं, लोकर, पुदिन्याच्या गोळ्या, आणि एक जुनं कार्ड. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून आजोबा स्वतः ज्याचा हप्ता भरत होते ती पूरक पॉलिसी. घरचे व्यवहार तेच बघायचे, त्यामुळे आजींना तिचं कलमच माहीत नव्हतं. अशा बहुतेक पॉलिसी तो रोजचा वाटा भरतात. शुक्रवारी सकाळी फोनवर खात्री झाली: शंभराव्या दिवसापर्यंतचा वाटा पॉलिसी देणार होती.

ही बातमी सोशल वर्करने आजींना नाही सांगितली, आजोबांना सांगितली. समोर खुर्ची ओढून, सावकाश, एकेक आकडा कागदावर लिहून. मी तसं सुचवलं होतं आणि तिला ते लगेच पटलं. आजोबांनी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवलं, ‘१००’ दोनदा तपासून पाहिला आणि त्या दुपारी ते खुर्चीत बसून माझ्या खोलीत आले.

जानेवारीत आजींनी ‘द वॉल्टन्स’च्या डिस्क आणल्या. त्यात आजीचं काम करणारी एलन कॉर्बी मूळ सिनेमातही होती. १९७६ मध्ये तिलाही खरंच झटका आला आणि बोलणं जवळजवळ गेलं. मालिकेने तिला काढून टाकलं नाही. १९७८ मध्ये ती ‘ग्रँडमा कम्स होम’ या भागात परतली, कथेतही झटक्यातून उठलेली आजी म्हणूनच, मोजक्या शब्दांत बोलणारी. घरचे सगळे जपायला बघतात, कशालाच हात लावू देत नाहीत आणि ती त्यानेच दुखावते. त्या भागाचा मी उपचारात भरपूर उपयोग करून घेतला. आजोबांपेक्षा आजींसाठी जास्त. आजोबांच्या वतीने उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारून मनात दहा आकडे मोजायचे, त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलायचं नाही, त्यांच्याशीच बोलायचं. आजींना हे फार जड गेलं. पन्नास वर्षांची सवय होती. पण जमवलं त्यांनी.

फेब्रुवारीत आजोबा घरी गेले तेव्हा बायकोचं आणि मुलाचं नाव घेत होते, ‘येस’ आणि ‘नो’ आपापल्या जागी पडत होते. वाक्य काही आलं नाही. पहिल्या महिन्याचं विजेचं बिल मात्र त्यांनीच तपासलं आणि चेकवरचा आकडा डाव्या हाताने घातला, असं आजींनी फोन करून कळवलं. बँकेने तो चेक न कुरकुरता वटवला, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं.