कांद्याचा पापुद्रा आणि १८० रुपये

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिही म्हणून फोन आला तेव्हा डोळ्यासमोर पहिली आली ती वरच्या मजल्यावरची लॅब, आणि लॅब म्हटलं की मला अजून तो बारीक 'कट्' आवाज ऐकू येतो.

१९८८ चा डिसेंबर. मी नववी ब मध्ये, वर्गात आम्ही ५८ जण आणि मायक्रोस्कोप तीन. कांद्याचा पापुद्रा आयोडीन टाकून स्लाइडवर ठेवलेला, सरांनी १० एक्सचं भिंग लावून दिलं होतं, एकेकानं यायचं, डोळा लावायचा, पेशी बघायच्या, वहीत आकृती काढायची आणि सरकायचं. माझा नंबर आला तेव्हा तास संपत आला होता. त्या विटा रचल्यासारख्या पेशी बघून मला काय झालं कुणास ठाऊक, प्रत्येक पेशीत तो एक ठिपका दिसत होता तो मोठा करून बघायचाच असं वाटलं आणि मी वरची चकती फिरवून ४५ एक्स लावलं. सगळं धूसर झालं म्हणून डोळा तसाच वर ठेवून मोठा स्क्रू खाली फिरवत गेले. कट्. स्लाइडला तडा आणि भिंगाच्या तोंडाला ओरखडा.

आता मी स्वतः ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते म्हणून सांगते, यात नवल काहीच नाही. ४५ एक्सचं भिंग फोकसला येतं तेव्हा ते आणि स्लाइड यात एक मिलिमीटरसुद्धा अंतर उरत नाही. म्हणून आधी बाजूनं बघत भिंग खाली आणायचं आणि मग डोळा लावून वर वर न्यायचं, खाली कधीच नाही. ही एक गोष्ट माहीत नसेल तर जगातलं कुठलंही पोरगं तेच करणार जे मी केलं.

लॅबमधल्या मामांनी कपाटातून मोडतोड वही काढली. तारीख, नाव, वस्तू, किंमत, सही. टेस्टट्यूब फुटली की ती अनामत रकमेतून वळती व्हायची, पण हे भिंग अंबाल्याहून मागवायला लागणार होतं, कोल्हापूरच्या दुकानदारानं १८० रुपये सांगितले. माझे वडील, आप्पा, इचलकरंजीत कापडाच्या मागावर कामाला. १८० म्हणजे त्यांचा जवळपास आठवड्याचा पगार. चिठ्ठी मी दोन दिवस दप्तरात ठेवली, तिसऱ्या दिवशी आईच्या हाती लागली.

मला वाटलं आप्पा मारतील. त्यांनी मारलं नाही, फक्त विचारलं, काय झालं ते पहिल्यापासून सांग, आणि सगळं ऐकून घेतलं, अगदी कुठला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला इथपर्यंत. कापडात फॉल्ट निघाला की मजुरीतून कपात, हे त्यांनी आयुष्यभर सोसलं होतं, सूत कच्चं असलं तरी कपात कामगाराचीच. त्यामुळे मुकाट्यानं पैसे भरतील असं आईलाही वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी रात्रपाळी करून तसेच, अंगाला कापूस चिकटलेला, ते शाळेत आले आणि हेडसरांच्या केबिनमध्ये उभे राहून म्हणाले, "सर, आमच्यात नवं पोरगं पयल्यांदा मागावर उभं केलं आन् धोटा अडकून ताणा तुटला, तर जॉबर, म्हंजी आमचा मुकादम, पोराला न्हाई विचारत. ह्याला उभा कुणी केला ते विचारतो. पोरीचं चुकलंच, स्लाइडचं पैसे मी देतो. पर हिला हे मशीन चालवायला कुणी शिकवलं ते तेवढं सांगा."

केबिनमध्ये आमचे सायन्सचे सर पण होते. ते काहीही बोलले असते तरी चाललं असतं, परवानगी नसताना भिंग बदललं एवढं म्हणाले असते तरी पुरे होतं, आणि ते खरंही होतं. सर म्हणाले, "मी नाही शिकवलं. ५८ मुलं आणि ३५ मिनिटांचा तास, राहून गेलं."

मी आज शिक्षिका म्हणून सांगते, हेडसर आणि पालक दोघांसमोर असं वाक्य उच्चारायला किती ताकद लागते ते मला रोज कळतं. हेडसरांनी स्लाइडचे पैसे घेतले, पावती दिली आणि भिंगाचा खर्च शाळेच्या प्रयोगशाळा खर्चात टाकला. पुढच्या आठवड्यात सरांनी पूर्ण तास फक्त मायक्रोस्कोप कसा हाताळायचा यावर घेतला आणि बाजूनं बघत भिंग खाली आणून दाखवायला मला पुढं बोलावलं.

पण मला खरं सांगायचंय ते यानंतरचं. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीकडून ऑगस्टमध्ये तापमापी फुटली होती, ते फक्त मला माहीत होतं. तिची आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जायची, वडील नव्हते. दंडाच्या भीतीनं तिनं काचा रुमालात बांधून घरी नेल्या आणि पारा पायानं टेबलाखाली सारला. शहाबादी फरशीच्या फटीत तो चार महिने तसाच होता, आम्ही पोरी कधीमधी खाली बसून ते चमकणारे थेंब बोटानं घरंगळवत खेळायचो. पाऱ्याची वाफ नेहमीच्या तापमानालाही होते आणि ती विषारी असते, हे आम्हाला कुणाला ठाऊक होतं? तापमापी फुटली त्या दिवसापासून मैत्रीण प्रॅक्टिकलला कायम मागं उभी राहायची, कशालाही हात लावायची नाही, निरीक्षणं माझ्या वहीतून उतरवायची.

माझं प्रकरण असं मिटलेलं बघून ती आपणहून मामांकडे गेली आणि सगळं सांगितलं. मामांनी सगळ्या खिडक्या उघडल्या, आम्हाला बाहेर काढलं, सरांनी जाड कागदानं पारा गोळा केला आणि फटीत गंधकाची पूड टाकली. तिच्याकडून पैसे मागितले नाहीत. पुढच्या प्रॅक्टिकलला ती पुढं आली, ब्युरेट तिनं भरली.

मुद्दाम फोडलं, भांडणात बाक मोडला, तर भरपाई घ्या, त्यात माझं दुमत नाही. पण शिकताना हातून सुटलं त्याचा दंड लावला की मुलं जपून वागत नाहीत, लपवतात. आणि मामांसारख्या माणसाचं काय? डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे लॅबमधल्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, सही त्यांची, ऑडिटला उत्तर त्यांनी द्यायचं, मोडकी वस्तू त्या नोंदीतून काढायची, म्हणजे निर्लेखनाची, मंजुरी यायला काही वर्षं जायची, म्हणून ते दोन चांगले मायक्रोस्कोप कुलपातच ठेवायचे. पावसाळ्यात बंद कपाटात भिंगावर बुरशी चढते, न वापरलेली भिंगं अशी आंधळी होतात, त्याची नोंद कुठल्या मोडतोड वहीत होते? त्याचे पैसे कुणाकडून घ्यायचे?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंद केले, फार चांगलं झालं. पण मोफत शिक्षणाची हमी आठवीपर्यंत, आणि आपल्याकडं पोरांच्या हातात खऱ्या अर्थानं काच येते ती नववीला. म्हणजे नेमकं जिथं फुटणार तिथं पुन्हा तीच चिठ्ठी, तेच दप्तर.

माझ्या लॅबमध्ये मी किमतीचा रकाना काढून टाकलाय, तिथं 'कसं फुटलं' असं लिहिलंय. त्याचा फार उपयोग होतो. एका वर्षी सहा जणांनी 'गरम काच ओल्या ओट्यावर ठेवली' असं लिहिलं, आम्ही ओट्यावर लाकडी पाट ठेवले, ते प्रकार जवळजवळ थांबले. पाऱ्याच्या तापमाप्या बंद केल्या, लाल अल्कोहोलच्या आणल्या.

आप्पा २०११ ला गेले. सुवर्णमहोत्सवाच्या निधीचं पत्र मिळालं, त्यात कमान, सभागृह, रंगमंच अशी यादी आहे. कमानीसाठी देणारे खूप मिळतील. माझे पैसे मी वेगळ्या चेकनं पाठवतेय, त्यावर आप्पांचं नाव कुठंही नको, फक्त कॅशबुकात त्याचं हेड 'प्रयोगशाळा, विद्यार्थ्यांकडून शिकताना झालेली मोडतोड' असं टाका आणि दरवर्षी ते पूर्ण खर्च करा. शिल्लक राहिली तर मला फोन करा, मी येऊन कपाटाची कुलपं तपासेन.