काट्यावर तेवढेच

पाच नंबरच्या बेडवरचे काका त्या दिवशी डायलिसिसच्या सकाळच्या शिफ्टला आले ते काकूंच्या खांद्यावर भार टाकून. रात्र उशीला टेकून बसून काढलेली. आडवं झालं की दम लागायचा. बीपी वरचा १९०. काट्यावर उभं केलं, ५६.४. म्हणजे नेहमीचंच. ड्राय वेट ५४. दर खेपेला दोन-अडीच किलो पाणी वाढून येणार, आम्ही ते काढणार आणि ५४ वर घरी पाठवणार. सहा महिने त्यांच्या कागदावर हेच आकडे होते, बहुतेक माझ्याच अक्षरात. पाणी जास्त नाही, मग दम कशाचा?

ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं. एक्स-रेत फुप्फुसांत पाणी दिसलं. मग त्यांनी काकांचा दंड चिमटीत धरून पाहिला. नुसती कातडी आणि हाड. कानशिलांना खळगे पडलेले. आठवड्यातून दोनदा मी त्याच हाताला सुया लावत होतो.

"यांचं ड्राय वेट कधी ठरवलंय?"

कागद उलटले. फेब्रुवारी. आता ऑगस्ट चालू होता.

ड्राय वेट म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. मांस झडत गेलं आणि आम्ही आकडा तोच धरून बसलो, की झडलेल्या मांसाइतकं पाणी अंगात राहून जातं. काटा खोटं बोलत नव्हता. त्याला मांस आणि पाणी यांतला फरक कळत नाही, एवढंच. आम्हाला कळायला हवा होता.

त्या दिवशी हळूहळू जमेल तितकं पाणी काढलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. काकू बाहेर बाकावर बसून होत्या. "भाऊ, हे हट्टानं जेवत नाहीत. दोन घास झाले की ताट सरकवतात." काका म्हणाले, तोंडात सारखी पितळेची चव असते. शिवाय कवळी सैल झाली होती, चावताना खुळखुळायची. अंग वाळलं तसे जबडेही वाळले असणार.

"हट्ट नाही हो तो," डॉक्टर काकूंना म्हणाले आणि मलाही नवीनच असं काही सांगत गेले. अंगातल्या चरबीतून लेप्टिन नावाचं संप्रेरक निघतं, ते मेंदूला 'पोट भरलं' असं सांगतं. चांगलं मूत्रपिंड ते रक्तातून काढून टाकतं. इथे ते साठतं. युरियाचा रेणू वजनाला ६० डाल्टनचा, लेप्टिनचा १६ हजारांचा, रक्त गाळणाऱ्या आमच्या साध्या डायलायझरच्या जाळीतून तो फारसा जातच नाही. भूक लावणारं घ्रेलिन जठरात तयार होतं. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधलं. डायलिसिसवरच्या माणसाच्या रक्तात तेही कमी नसतं, उलट वाढलेलंच असतं. पण त्याची दोन रूपं. भूक चाळवतं ते वेगळं आणि जास्त साठतं ते वेगळं. सगळं खापर या दोघांवर फोडता येत नाही, रक्तातलं आम्ल आणि अंगातला दाहही भूक मारतात. पण काकूंना एवढंच हवं होतं. नवरा त्यांच्या हातच्या जेवणावर रुसला नव्हता.

मग मी विचारलं, घरी पथ्य कोणतं पाळता? काकूंनी पिशवीतून घडी पडून फाटत आलेला कागद काढला. डायलिसिस सुरू होण्याआधीचा. डाळ अर्धी वाटी, पनीर बंद. मूत्रपिंड वाचवायचं होतं तेव्हा ते बरोबरच होतं. डायलिसिस लागल्यावर हिशोब उलटा होतो : किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत, कारण एका डायलिसिसमध्येच ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं वाहून जातात. म्हणजे एक-दोन अंडी गटारात. (काका माळकरी, अंड्याचं नाव काढलं की कानाला हात.) तो कागद आम्ही कुणी कधी मागून पाहिला नव्हता.

ड्राय वेट टप्प्याटप्प्यानं उतरवलं. तीन आठवड्यांत ४९.५ वर आलं, दम गेला, बीपीच्या दोन गोळ्यांपैकी एक सुटली. साडेचार किलो माणूस आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला होता. कवळी नवी बसवली. काकू डब्यात मूगडाळीची धिरडी आणि पनीरची भुर्जी आणू लागल्या. भूक नसली तरी घड्याळ बघून थोडं थोडं खायचं असं ठरलं. दिवाळीनंतर एकदा डायलिसिस संपल्यावर वजन भरलं ५०.३. मी लगेच खाली बसून त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही. दुसऱ्या पायावर दाबला.

"काय चाचपतोयस लेका," काका वरून म्हणाले, "आंबा आहे का मी?"