सिक्स कसा दिसला, ते तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत, चहाच्या गाड्यावर, पार्क मैदानाजवळ कुणी ना कुणी गाठतंच. "सर, २०११ ची वर्ल्डकप फायनल तुम्ही वानखेडेवर बघितली ना? धोनीचा तो सिक्स कसा दिसला?" इतकी वर्षं मी हातवारे करकरून सांगत आलो. कुलसेकराचा बॉल, लाँगऑन, सगळं. ते सगळं नंतर टीव्हीवर बघितलेलं. सिक्स मला दिसला नाही. मी स्टँडमागच्या बोळात उभा होतो.

तिकीट खरं होतं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर जागत गेलो, जयवर्धनेचं शतक या डोळ्यांनी बघितलं. आपली बॅटिंग सुरू होताना पाणी आणायला गेलो होतो. येऊन टेकतोय तोच दुसऱ्या बॉलला सेहवाग पायचीत. रांगेतल्या एकाने मान वळवून माझ्याकडे बघितलं, एवढंच. थोड्या वेळाने लघवीला जाऊन आलो, अजून खुर्ची गाठली नव्हती, आणि सचिन गेला. १८ वर. पुन्हा मलिंगा. २ बाद ३१. वानखेडे एवढं गप्प झालं की मागचा पोरगा चिप्सचं पाकीट चुरगाळत होता ते ऐकू आलं. शेजारच्याने हात जोडले, "भाऊ, तुम्ही बाहेरच थांबा ना." सोबतचा मित्र, ज्याला मीच आणलं होतं, वर न बघता म्हणाला, "जा बे."

गेलो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मांजर आडवं गेलं म्हणून उशिरा आलेल्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलंय. भांडायला हवं होतं, माझ्याही खिशात तिकीट होतं. पण खरं सांगू? पांढऱ्या पायाचा असल्यासारखं मलाच वाटायला लागलं होतं.

बोळाच्या तोंडातून हातभर गवत दिसायचं. तिथे बंदोबस्ताचे एक हवालदार, नजर प्रेक्षकांवर. "किती झाले, साहेब?" "मला काय विचारता? माझी पाठ आहे तिकडे." मग आवाजावरून ओळखायला शिकलो. एक रन म्हणजे नुसती कुजबुज. चौकार आधी पलीकडच्या टोकाला उठायचा, मग आमच्या डोक्यावरचं छत दणाणायचं. गंभीर ९७ वर गेला तेव्हा फुग्यातली हवा गेल्यासारखं झालं. तेव्हा मी बाहेरच होतो, हे लक्षात घ्या.

४९व्या ओव्हरला आवाज उठला तो थांबेचना. हवालदारही वळले. मी पायऱ्या चढून धावलो, तर समोर नुसत्या पाठी.

ही गोष्ट घरात हसत हसत सांगून टाकली होती, ती चूक झाली. १९ नोव्हेंबर २०२३ ला, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या वर्ल्डकप फायनलला, मुद्दाम टीव्हीसमोर मांडी घालून बसलो. कोहली ५४ वर. सिलिंडर बदलायला उठलो, परत आलो, तोच कमिन्सचा बॉल बॅटला लागून स्टंपवर. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही आत कशाला आलात?"

उरलेली मॅच गॅलरीत काढली. हेडने १३७ केले, तेव्हाही मी गॅलरीतच होतो.