हँडगार्ड निवडताना वजनाआधी तोल पाहावा

रायफलसाठी नवे हँडगार्ड, म्हणजे नळीभोवतीचे आधाराच्या हाताने धरायचे आवरण, घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी त्याचे वजन किती ग्रॅम आहे हे पाहतात आणि मग त्यावर काय काय लावता येईल याचा हिशेब मांडू लागतात. हा क्रम मला पटत नाही. रायफल हातात कशी वागेल, हे हँडगार्डच्या एकूण वजनापेक्षा ते वजन कोठे पडते आणि आधाराचा हात त्यावर नेमका कोठे विसावतो, यावर अधिक अवलंबून असते. पुढचे विवेचन मुख्यतः एआर-१५ या अमेरिकी रायफलच्या धर्तीच्या रायफलींना धरून आहे, कारण हँडगार्ड बदलण्याची सर्वाधिक मोकळीक त्यांतच मिळते. तोलाचे गणित मात्र कोणत्याही रायफलला तेच राहते.

ते गणित अवघड नाही. पिस्तूल ग्रिपवरच्या (घोड्यामागच्या मुठीवरच्या) हातापासून २० सेंटिमीटरवर बसवलेली २०० ग्रॅमची टॉर्च ४० सेंटिमीटरवर सरकवली, तर तिचे वजन तेवढेच राहते, पण नळीचे तोंड खाली ओढणारा तिचा जोर दुप्पट होतो. रायफल एका लक्ष्यावरून दुसऱ्याकडे वळवताना आणि तेथे थांबवताना त्या टॉर्चमुळे जो विरोध सोसावा लागतो, तो तर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने चौपट होतो. म्हणूनच ज्याचा जड भाग बॅरल नटपाशी, म्हणजे नळी रायफलच्या धडाला जोडणाऱ्या नटपाशी, एकवटला आहे आणि जे पुढे पातळ होत गेले आहे, असे हँडगार्ड काट्यावर थोडे जास्त भरले तरी हाताला हलके लागू शकते; उलट टोकापर्यंत सारखीच जाडी ठेवलेले लांबलचक हँडगार्ड कागदावर हलके असूनही खांदा लवकर दमवते.

याचा अर्थ पुढचे वजन नेहमीच वाईट, असा मात्र नाही. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत रायफलचे वजन ५.५ किलोपर्यंत चालते, आणि अनेक नेमबाज या मर्यादेत राहून मुद्दाम नळीच्या बाजूला वजने लावतात, कारण उभ्याने नेम धरताना पुढे जड असलेली रायफल हाताच्या बारीकसारीक थरथरीला सहजासहजी दाद देत नाही. तेथे रायफल वळवायची नसते, केवळ स्थिर ठेवायची असते. आपल्या नेमबाजीत वळवणे जास्त आहे की थांबून राहणे, याचे प्रामाणिक उत्तर आधी स्वतःला द्यावे. निम्मी निवड तेथेच होऊन जाते.

तोल तपासताना मॅगझीन काढून आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करून घ्यावी, आणि नेहमी वापरात असलेली दुर्बीण, पट्टा व इतर सामान रायफलवर असू द्यावे. नुसत्या रायफलचा तोल पाहून काही कळत नाही. मग ती दोन बोटांवर आडवी तोलून धरावी. सर्वसाधारण वापरासाठी तोलबिंदू मॅगझीनच्या खाचेच्या पुढच्या कडेच्या आसपास आलेला मला बरा वाटतो. तो तेथून बराच पुढे गेला, तर नवे हँडगार्ड घेण्याआधी जुन्यावरचे सामान उतरवून पाहावे. पुष्कळदा दोष हँडगार्डचा नसतोच.

लांबी ठरवताना हाताला विचारावे. रिकामी रायफल सुरक्षित दिशेला धरून, डोळे मिटून नेहमीच्या सवयीने खांद्याला लावावी आणि आधाराची तर्जनी जेथे पडली तेथे चिकटपट्टीचा तुकडा लावावा. असे उभ्याने, बसून आणि झोपून केले की पट्ट्यांचा एक पट्टा तयार होतो आणि हँडगार्डचा खरोखर वापरात येणारा भाग समोर दिसतो. हात जवळजवळ सरळ करून पुढे धरणाऱ्याला नळीच्या तोंडावर चांगला ताबा मिळतो आणि धक्क्यानंतर नेम लवकर परत येतो, पण त्याचा खांदा लवकर भरून येतो. कोपर बरगडीला टेकवून उभ्याने नेम धरणाऱ्याचा हात मात्र मॅगझीनच्या जवळ राहतो, आणि त्याला लांब हँडगार्डचा फारसा उपयोग नसतो. बायपॉड, म्हणजे पुढचा दोन पायांचा आधार, लावून झोपून मारणाऱ्याची गोष्ट वेगळी: बायपॉड जितका पुढे, तितका आधार स्थिर, त्यामुळे तेथे लांबीचे मोल आहे.

पकडीत जाडीचा वाटा मोठा आहे. एआर-१५ चे लष्करी रूप असलेल्या एम-१६ चे सुरुवातीचे हँडगार्ड त्रिकोणी छेदाचे होते आणि त्याचे डावे-उजवे भाग वेगळे होते. एम-१६ए-२ मध्ये गोल, आडव्या वळ्यांचे आणि दोन एकसारख्या अर्धुकांचे हँडगार्ड आले. पुढे चारही बाजूंना पिकाटिनी रेल, म्हणजे सामान अडकवायच्या खाचांच्या पट्ट्या, असलेल्या हँडगार्डचा काळ आला, आणि ते हाताला कसे लागते हे ज्याने उघड्या तळव्याने धरले आहे त्याला सांगायला नको: अंगठ्याच्या मुळाशी दातेरी कडा रुततात, म्हणून वर रबरी आवरण चढवावे लागते, आणि आधीच जाड असलेली पकड आणखी जाड होते. २०१४ मध्ये मॅगपुल या अमेरिकी कंपनीने आणलेल्या एम-लॉक पद्धतीत सपाट पृष्ठभागावर खाचा असतात आणि हवी तेथेच छोटी रेल बसवता येते, त्यामुळे हँडगार्ड बारीक राहू शकते. बोटे व अंगठा सहज वळतील इतकेच ते जाड असावे. मात्र फारच बारीक हँडगार्डमध्ये हवेला जागा कमी उरते आणि सलग गोळ्या झाडल्यावर ते लवकर तापते.

ताब्याच्या दृष्टीने फ्री-फ्लोट रचनेला मी तडजोडीच्या बाहेर ठेवतो. तिच्यात हँडगार्ड फक्त मागे रिसीव्हरच्या (रायफलच्या मधल्या धडाच्या) बाजूला जोडलेले असते आणि नळीला कोठेही टेकत नाही, त्यामुळे पट्टा ताणला किंवा बायपॉडवर भार दिला तरी तो जोर नळीवर जाऊन गोळीचा मार पडण्याची जागा सरकत नाही. मात्र लेझर किंवा नेम धरायची पुढची माशी हँडगार्डवरच असेल, तर हँडगार्डचे स्वतःचे वाकणेही महत्त्वाचे ठरते. ७०७५-टी६ अ‍ॅल्युमिनियम ६०६१-टी६ पेक्षा बरेच बळकट असले, तरी दोघांचा ताठरपणा जवळजवळ सारखाच असतो; म्हणून वाकणे कमी करायचे तर मिश्रधातूच्या नावापेक्षा हँडगार्डचा व्यास, त्याच्या भिंतीची जाडी आणि बॅरल नटवरची पकड किती लांब आहे, हे पाहावे. कार्बन फायबर हलके असते आणि थंडीत किंवा उन्हात हाताला धातूइतके चटकन जाणवत नाही.

खरेदीपूर्वी गॅस ब्लॉक (नळीतला वायू बाहेर घेणारा नळीवरचा तुकडा) आत मोकळा बसतो का, तो वायू मागे नेणारी गॅस ट्यूब कोठे घासते का आणि वरची रेल रिसीव्हरच्या रेलशी एका रेषेत येते का, हे पडताळावे. सुटे भाग बदलण्याविषयीचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, तेही आधीच पाहून घ्यावेत. बसवताना बॅरल नट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे सांगितलेल्या पिळाच्या जोरानेच, आवळावा, आणि पहिल्या सरावानंतर हँडगार्ड दोन्ही हातांनी पिळून पाहावे. ते जराही फिरले, तर स्क्रू पुन्हा आवळून नेम नव्याने जुळवावा.