गोदावरीतून किती इंग्लिश शब्द निघतात? सोसायटीच्या स्पर्धेचा माझा अनुभव

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीत गणपतीत दरवर्षी तेच, लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, उखाणे. यंदा मीटिंगमध्ये कुणीतरी इंग्लिश शब्दांची स्पर्धा सुचवली आणि सेक्रेटरी काकांनी लगेच "वहिनी, तुमचं एक्सेल चांगलंय, तुम्हीच बघा" म्हणून विषय संपवला. मी अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, एक्सेलचा आणि शब्दांच्या खेळाचा काय संबंध असं तेव्हा वाटलं, पण संबंध निघाला आणि चांगलाच निघाला. कुणाला आपल्याकडे असं काही करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

खेळ साधाच. एक मोठा शब्द द्यायचा, त्यातल्याच अक्षरांतून चार किंवा जास्त अक्षरांचे शब्द काढायचे, एक अक्षर सक्तीचं, आणि अक्षर मोठ्या शब्दात जितक्या वेळा आहे तितक्याच वेळा वापरायचं. मोठे शब्द म्हणून मी आपल्या जिल्ह्यातल्याच नावांची इंग्लिश स्पेलिंगं घ्यायची ठरवली, देवळाली (DEOLALI), पंचवटी (PANCHAVATI), गोदावरी (GODAVARI) वगैरे, म्हटलं गणपतीत तेवढाच आपलेपणा.

पण त्यात एक गंमत आहे. स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या जोडून शब्द बनवायचा खेळ, ज्यांनी बनवला त्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टनी १९३० च्या दशकात वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून कुठलं अक्षर किती वेळा ठेवायचं ते ठरवलं होतं. १०० सोंगट्यांमध्ये ई तब्बल १२, ए ९, आणि एस फक्त ४, कारण एस भरपूर दिले की जो तो नुसती अनेकवचनं करत बसणार. आपल्या गावांच्या नावात बरोबर उलटं, ए चा नुसता पाऊस आणि ई शोधून सापडत नाही. ई नाही म्हणजे मागे ईडी, ईआर लावून शब्द लांबवायची सोय गेली, एस नाही म्हणजे अनेकवचन पण गेलं. गोदावरीत दोन्ही नाहीत, म्हणून ती खुल्या गटाला ठेवली, व्ही सक्तीचा. देवळालीच्या स्पेलिंगमध्ये ई आहे, एल दोन आहेत, आयडियल, लेडल, अलाइड, आयडॉल असे ओळखीचे शब्द पटापट निघतात, म्हणून ती पाचवी ते सातवीच्या पोरांना. पंचवटी आठवी ते दहावीला, सी सक्तीचा.

आता खरी कटकट, उत्तरपत्रिका. पोरगं कागद घेऊन समोर उभं राहणार, "काकू हा शब्द आहे ना?" आणि आपल्याला तिथल्या तिथे हो की नाही सांगायचंय, मागे आईपण उभी असते. डोक्याने जेवढे सुचतील तेवढे लिहून भागत नाही, सगळे पाहिजेत. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने एनेबल नावाची शब्दांची यादी उतरवून दिली, पब्लिक डोमेनमध्ये आहे म्हणजे फुकट, सुमारे १ लाख ७३ हजार शब्द, नुसते शब्द एकाखाली एक, अर्थबिर्थ काही नाही. ती गुगल शीटमध्ये टाकली तर माझा लॅपटॉप बसलाच. मग आधी फक्त लांबी मोजणारा लेनचा फॉर्म्युला चालवला, चारच्या खालचे आणि दहाच्या वरचे उडवले, तेव्हा जरा हलायला लागला.

पुढची पायरी रेजेक्समॅच, म्हणजे शब्द आपण दिलेल्या साच्यात बसतो का ते बघणारा फॉर्म्युला. चौकोनी कंसात गोदावरीची अक्षरं, पुढे अधिकचं चिन्ह, सुरुवातीला ^ आणि शेवटी $, म्हणजे शब्दात ही अक्षरं सोडून दुसरं काही नको. दुसऱ्या कॉलमात व्ही आहे का ते बघायचं. एवढं केलं की यादी एकदम आवाक्यात येते, आणि तिथेच बऱ्याच जणांना वाटतं झालं काम. नाही झालं. माझ्या यादीत व्हिव्हिड दिसत होता, ओव्हॉइड पण होता. अक्षरं सगळी गोदावरीचीच, पण व्हिव्हिडला दोन व्ही आणि दोन आय लागतात, ओव्हॉइडला दोन ओ, आणि गोदावरीत ते एकेकच. फॉर्म्युला "अक्षर आहे का" एवढंच बघतो, "किती वेळा" बघत नाही. त्यावर उपाय असा की प्रत्येक अक्षरासाठी वेगळी अट घालायची, ओ, मग टिंब आणि स्टार (म्हणजे मध्ये काहीही चालेल), मग परत ओ, असं जुळलं की शब्द बाद. फक्त ए ला दोनदा परवानगी कारण गोदावरीत ए दोन आहेत, तिसरा आला तर बाद. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आपल्या हिशेबाशी जुळवणं, ते करताना डुप्लिकेट एंट्री पकडतो त्यातलाच प्रकार, त्यामुळे मला इथे उलट मजा यायला लागली.

जे उरलं ते बघून मी खरंच चकित झाले. व्हॉइड, अव्हॉइड हे तर आलेच, पण व्हिरागो, म्हणजे कजाग बाई, सहा अक्षरी, आणि सात अक्षरी ग्रॅव्हिडा, म्हणजे गरोदर बाई, डॉक्टर लोकांचा शब्द. पंचवटीतून कॅप्टन निघतो हे मला कधी सुचलंच नसतं, आणि त्याच पंचवटीतून चपाती! इंग्लिश डिक्शनरीत आहे ती, सात अक्षरं, एकही इकडची तिकडची नाही. रात्री साडेअकराला मी नवऱ्याला उठवून हे सांगितलं, त्याने "बरं" म्हटलं आणि कूस बदलली.

मशीनची यादी मात्र जशीच्या तशी वापरू नका, तिच्यात असे असे शब्द असतात की जन्मात कुणी बोलत नाही. मी नियम केला की टेबलावर जी छापील जाडी डिक्शनरी ठेवलीय तिच्यात सापडला तर मार्क, नाही तर नाही, आणि विशेषनामं बंद. मोबाइल सगळ्यांचे एका स्टीलच्या डब्यात जमा, कारण अक्षरं टाकली की शब्द काढून देणाऱ्या साइट्स पोरांना आपल्याआधी माहीत असतात.

स्पर्धेच्या दिवशी वॉर्मअपला फळ्यावर नाशिक लिहिलं, सहा अक्षरं. एका मुलीने शँक काढला आणि मग त्याच पाच अक्षरांतून हँक्स, खान्स अशी रांगच लागली. खानवरून लगेच वाद, हे तर आडनाव आहे! डिक्शनरी उघडली, खान म्हणजे सरदार-राजांची पदवी, लहान के ने, मार्क द्यावेच लागले. मी सगळ्यांना अक्षरं ओळीत न लिहिता गोलात लिहायला सांगितलं होतं, ओळीत लिहिली की डोळा परत परत नाशिकच वाचतो, दुसरं काही दिसत नाही.

खुल्या गटात जास्त शब्द कुणी काढले माहितीये, ज्यांचं इंग्लिश फाडफाड आहे त्यांनी नाही. बी विंगमधल्या एक आजी, रोज पेपरातलं कोडं सोडवणाऱ्या, त्यांनी कागदावर आधी मोठा व्ही काढला आणि त्याच्या पुढे-मागे ए, ओ, आय लावत बसल्या. नंतर म्हणाल्या, "अगं, व्हीवर इंग्लिश शब्द सहसा संपत नाही, त्याच्या पुढे स्वर लागतोच, मग उरतं किती?" व्हीए, व्हीओ, व्हीआय, बस. त्यातूनच त्यांना अ‍ॅव्हिड, डिव्हा, व्हॉइड, व्हिगर मिळत गेले. आणि व्हिगरवर आमच्या रिटायर्ड इंग्लिशच्या मॅडमनी हात वर केला, स्पेलिंगमध्ये यू पाहिजे, हे अमेरिकन झालं. डिक्शनरीत अमेरिकन म्हणून दिलेलं होतं, मी मार्क दिले. मॅडम अजून लिफ्टमध्ये भेटल्या की विषय काढतात, पण माझं मत तेच आहे, डिक्शनरी ठरली की ठरली. ग्रॅव्हिडा अपेक्षेप्रमाणे सोसायटीतल्या डॉक्टरबाईंनीच लिहिला. आणि कॉलेजातल्या एका कार्ट्याने त्याच गोदावरीतून सहा अक्षरी एका गोळीचं ब्रँडनेम काढून शांतपणे कागद माझ्या हातात दिला, कुठली गोळी ते तुम्ही अक्षरं जुळवून बघा, मी आपला विशेषनामाचा नियम दाखवला आणि कागद घडी करून खाली सरकवला कारण शेजारी काका बसले होते.

मार्क चार अक्षरांना एक, पाचला दोन, सहाला चार, सातला सहा असे ठेवले होते, त्यामुळे आजी खूप शब्द काढून पण डॉक्टरबाईंच्या फक्त एक मार्क पुढे राहिल्या. पुढच्या वर्षी सातला सहाच्या ऐवजी पाच करणार. शीट तयारच आहे, वरची अक्षरं बदलली की चालते. इगतपुरी टाकून बघितलंय, त्यात गिटार आहे, त्यामुळे हे वाचणाऱ्या आमच्या सोसायटीच्या लोकांसाठी इगतपुरी आता बाद, मनमाड-सिन्नर काहीतरी बघते.