युरोपातील पोस्टडॉक : शोधापासून नेमणुकीपर्यंत

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरवर पीएच.डी. पूर्ण होत आली, तेव्हा पुढील संशोधनासाठी मी युरोपातील विद्यापीठांचा शोध सुरू केला. तिथे पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या मुदतबंद संशोधनपदावर, जाण्याच्या मुख्य वाटा दोन. एक म्हणजे प्राध्यापकांना मंजूर झालेल्या प्रकल्पाच्या निधीतून होणारी नेमणूक, आणि दुसरी म्हणजे उमेदवाराने स्वतः मिळवलेली फेलोशिप. प्रकल्पांच्या जाहिराती युरोपीय आयोगाच्या युरॅक्सेस या संकेतस्थळावर आणि विद्यापीठांच्या आपापल्या पानांवर लागतात. मात्र निधी हाती येण्याआधीच प्राध्यापकांच्या मनात योग्य उमेदवार असेल, तर पुढचे बरेच सोपे होते. म्हणून जाहिरातींची वाट पाहत बसण्यापेक्षा थेट पत्र लिहिणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पॉलिमर रसायनाचा पाया घालणारे आणि १९५३चे नोबेल मिळवणारे हर्मान श्टाउडिंगर जर्मनीतील ज्या फ्रायबुर्ग विद्यापीठात होते, तिथल्या एका संशोधन गटाला मी पत्र लिहिले. त्यांच्या एका शोधनिबंधातील आलेखात ठरावीक तापमानानंतर हायड्रोजेलचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या जाळीचा, ताठरपणा एकदम घटताना दिसत होता. जाळीतील बंध सुटतात म्हणून हे घडते की जेलमधले पाणी बाहेर पडते म्हणून, हे ऱ्हिओमीटरवर (पदार्थाचा ताठरपणा व प्रवाहीपणा मोजणाऱ्या उपकरणावर) कसे वेगळे काढता येईल, एवढेच मी चार ओळींत मांडले आणि माझ्या प्रबंधातील त्याच पद्धतीचे मोजमाप सोबत जोडले. माझ्या गाईड मॅडमनी मसुदा वाचून स्तुतीची सगळी वाक्ये काढायला लावली, आणि ते फार योग्य झाले. उत्तर आले ते थेट त्या प्रश्नावरच.

प्राध्यापकांनी दोन्ही शक्यता समोर ठेवल्या. युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपच्या अर्जात संशोधनाच्या गुणवत्तेला ५०, परिणामाला ३० आणि अंमलबजावणीला २० टक्के भार असतो. शिवाय ज्या देशात जायचे तिथे मागील ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे लागते, जी अट भारतातून प्रथमच जाणाऱ्याला सहज पार करता येते. प्रबंधाचा व्हायवा (तोंडी परीक्षा) यशस्वीपणे झालेला असेल, तर पदवी प्रत्यक्ष हाती नसतानाही अर्ज करता येतो, ही बाब आपल्याकडील अनेकांना ठाऊक नसते. मी तो अर्ज लिहायला घेतला होता, पण मधल्या काळात जर्मन संशोधन प्रतिष्ठानच्या निधीतून त्याच गटात एक जागा जाहीर झाली आणि मी तिथे रीतसर अर्ज केला.

मुलाखतीत सादरीकरणानंतर गटातील विद्यार्थ्यांशी स्वतंत्र बोलणे झाले, आणि वेळ कसा वापरला जातो, उपकरणे कोणाच्या ताब्यात असतात, हे त्यांच्याकडूनच नीट कळले. पगार सरकारी वेतनश्रेणीनुसार, ई १३ मध्ये ठरतो, त्यामुळे घासाघीस नसते; कराराची मुदत आणि ती वाढण्याची शक्यता मात्र स्पष्ट विचारावी, कारण जर्मनीत पीएच.डी.नंतरच्या अशा मुदतबंद नेमणुकांना कायद्याने मर्यादा आहे.

पुढे विद्यापीठाच्या कराराच्या आधारे संशोधकाचा व्हिसा मिळाला. जर्मनीत घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाचे लेखी पत्र लागते. म्हणून पुण्यातून निघण्यापूर्वीच, तसे पत्र देणारी जागा मी ठरवून ठेवली होती.